दाखवून परत आणलेला दाखला

गणेशचतुर्थीच्या आधीच्या सोमवारी सकाळी मला नोकरीवरून काढण्यात आले. त्या वेळी मी सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात, मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर, उताणी पडून होते. कंपनीचा ईमेल मोबाईलवर आला. उठून बसायला परवानगी नव्हती, त्यामुळे मोबाईल तोंडासमोर धरून तो वाचावा लागला. हात भरून आले म्हणून मध्ये एकदा खाली ठेवला.

ईमेलमध्ये दोन कारणे होती. पहिले, रजेसाठी खोटे कारण दिले. दुसरे, क्षयरोगासारखा संसर्गजन्य आजार सहकाऱ्यांपासून लपवला. त्याआधी चौकशी झाली नव्हती, खुलासाही मागवलेला नव्हता. माझी वैद्यकीय रजा मंजूर होती आणि ती संपायला अवधी होता.

मी गोव्यातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. कार्यालय आणि छापखाना दोन्ही डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत. तालुक्यांच्या बातम्यांची पाने माझ्याकडे होती. राहायला कोरगावला, मोठा भाऊ आणि वयनी यांच्यासोबत. भावाला मी दादा म्हणते. त्याची हरमलला खानावळ आहे. मासळीचे जेवण मिळते. गिऱ्हाईक बहुतेक गावचेच, हंगामात पर्यटकही.

कंपनीच्या विरोधात मी कामगार न्यायालयात गेले. आजार आणि खटला एकाच वेळी चालू होते, म्हणून दोन्ही एकत्र लिहिते.

गॅप

पाठ उन्हाळ्यापासून दुखत होती. कारण शोधावे लागले नाही. कोरगावहून डिचोलीला मी स्कूटरने जात असे आणि अस्नोड्याच्या पुढे रस्ता खोदून ठेवला होता. आमच्याकडे पाठ धरली की माणसे एकच शब्द उच्चारतात: मणक्यात गॅप आला. कार्यालयात तेच म्हणाले, गावातही तेच. तेल चोळून झाले, गोळ्या झाल्या. संध्याकाळी बारीक ताप येई आणि कपडे सैल होत होते. या गोष्टींचा पाठीशी संबंध कोणी लावला नाही.

एके दिवशी कार्यालयाच्या फाटकावर स्कूटर थांबवली आणि डावा पाय खाली टेकवला. पाय टेकला की नाही ते कळले नाही. मी स्कूटरसकट पडले. त्या दिवसापासून रजा.

एमआरआय झाला. मग सुईने मणक्यातला अंश काढून तपासणीला गेला. अहवाल आला त्या दिवशी दादा सोबत होता. डॉक्टरांनी सांगितले की मणक्याला टीबी झाला आहे. फुप्फुसे स्वच्छ आहेत. शेजारी बसून, एका ताटात जेवून हा आजार कोणाला होणार नाही. औषधे वर्षभर, कदाचित जास्त. पायांची ताकद आणखी कमी झाली तर शस्त्रक्रिया करावी लागेल.

चालता येईल का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक."

दादाने वेगळेच विचारले. "डॉक्टर, ह्यां कागदार लिवकच होयां?"

लिहावेच लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. टीबीची नोंद सरकारकडे होते, औषधेही तिथूनच मोफत मिळतात.

मला चाकाच्या खुर्चीत बसवून दादा बाहेर घेऊन आला. खुर्ची सावलीत लावली आणि चार पावले पुढे जाऊन माझ्या कार्यालयाला फोन केला. मणक्यात गॅप आला आहे, बहिणीला झोपून राहावे लागेल, असे त्याने कळवले. मी नको म्हणून हात केला. तोपर्यंत त्याचे बोलून झाले होते.

"गॅप कोणाकय येता," तो म्हणाला. "तां दुसरां नाव आमच्या घरात कोणी घेवचां नाय. खानावळ आसा माझी."

वॉर्ड

पाय आणखी जड झाले आणि शस्त्रक्रिया ठरली.

तिच्या आधीचे आणि नंतरचे दिवस सारखेच होते. पहाटे ताप पाहायचा. मग गोळ्या, ज्यांनी लघवी केशरी होते आणि तोंडाची चव जाते. हे आधी सांगितले तर माणूस घाबरत नाही. मला नर्सने सांगितले होते. नऊच्या सुमारास डॉक्टरांची फेरी. फेरीत एक शिकाऊ डॉक्टर तळपायाला टाचणी लावून विचारायचा, "कळतं?" मी डोळे मिटून उत्तर द्यायचे. कधी टोचल्यासारखे वाटे आणि त्याने टाचणी लावलेलीच नसे. दिवसातली खरी भीती या प्रश्नात होती. बाकी वेळ भीतीला फारशी जागा नव्हती, कारण कुशीवर वळायलासुद्धा दोन माणसे लागत आणि ती मोकळी होण्याची वाट पाहण्यात दिवस जाई.

शेजारच्या खाटेवर दोडामार्गची एक बाई होती. मांडीचे हाड मोडले होते. नवरा खाणीच्या ट्रकवर चालक. टाचणीची परीक्षा ती रोज पाहायची. एकदा म्हणाली, "अंगठो हललो काय पयल्यांदा माका सांग. वॉर्डभर पेढे वाटतंय. पैशे तुझे."

शस्त्रक्रियेनंतर उजवा अंगठा आधी हलला, मग डावा. पेढे डॉक्टरांनी वाटू दिले नाहीत. तिने डिस्चार्ज मिळाल्यावर फाटकाबाहेर वाटले, असे नंतर फोनवर कळवले.

त्याच आठवड्यात ईमेल आला.

डिचोली

शस्त्रक्रियेसाठी वाढवलेली रजा कार्यालयाने मंजूर केली आणि डॉक्टरांचा दाखला मागितला होता. रुग्णालयाने दिलेला दाखला घेऊन दादा मोटारसायकलने डिचोलीला गेला होता. संध्याकाळी वॉर्डात येऊन त्याने काम झाल्याचे सांगितले होते.

ईमेल वाचून झाल्यावर मी त्याला विचारले, दाखला कोणाकडे दिलास.

"सायबाक दाखयलो."

दिला ना, मी विचारले.

"दाखयलो. आणि परत आणलो."

त्याने मग सगळे सांगितले. कार्मिक विभागाचा शिपाई हरमलचा आहे. रविवारी तो दादाच्या खानावळीत जेवतो. दाखला फायलीत लागला तर तो शिपायाच्या हाताखालून जाणार, आणि शिपायाच्या हाताखालून गेला म्हणजे हरमलात गेला. म्हणून दादा फाटकासमोरच्या भजीच्या गाड्याआड उभा राहिला. शिपाई चहाला बाहेर पडल्यावर तो आत शिरला आणि दाखला कार्मिक अधिकाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. टीबी का, असे विचारले. दादाने होय म्हटले आणि हात जोडून विनंती केली की कागद इथे ठेवू नका, बहीण कामावर आली की ती स्वतः देईल. अधिकाऱ्यांनी कागद परत केला. "बरं होऊ दे तिला आधी," असे म्हणाले. दादाने घडी घालून दाखला खिशात ठेवला. शिपाई परत यायच्या आत तो फाटकाबाहेर होता.

त्याच्या हिशोबाने काम झाले होते. साहेबाला खरे कळले होते आणि गावाला कळले नव्हते.

दाखल्याची पोच नव्हती, कारण दाखला दिलेलाच नव्हता. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी एवढे करावे: कागद कार्यालयात द्यावा आणि प्रतीवर शिक्का घ्यावा. आजाराचे नाव लपवावेसे वाटले तरी कागद लपवू नये.

घर

पाठीला पट्टा बांधून मी कोरगावला आले. खाट जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, लावली होती, पण जनेल बंद ठेवलेले. वाटेवरून जाणाऱ्याने डोकावून तब्येत विचारली तर काय सांगायचे, हे ठरलेले नव्हते.

टीबीच्या औषधांवर लक्ष ठेवायला सरकारी आरोग्यसेविका येत असे. दादाने तिला स्कूटर काजूच्या बागेपलीकडे लावायला सांगितली. शेजाऱ्यांनी विचारलेच तर मलेरियासाठी रक्त तपासायला आले म्हणा, असेही सांगितले. ती हसली आणि म्हणाली, मलेरियाला दर महिन्याला आले तर तुमच्या घराला लोक आणखी घाबरतील. स्कूटर मात्र तिने बागेपलीकडेच लावली.

वयनी माझे ताट-पेला वेगळा ठेवी आणि उकळत्या पाण्याने धूत असे. गरज नाही, असे सेविकेने दर खेपेस सांगितले. वयनी मान हलवी आणि पाणी उकळायला ठेवी. ती माझे अंथरूण बदलायची, पट्टा बांधायची, मला न्हाऊ घालायची. फक्त ताट वेगळे.

मी कामगार आयुक्तांकडे तक्रार दिली. समेटाची बोलणी झाली. मी भिंतीला धरून उभी राहू लागले होते, तरी मोटारीत बसवत नव्हते, म्हणून सुरुवातीला मी नेमलेल्या वकीलबाईच माझ्यातर्फे गेल्या. कंपनीचे म्हणणे ठाम होते. आजाराबद्दल आम्हाला फोनवर गॅप असे कळवले, दाखला कधीच आला नाही, कर्मचारी खोटे बोलली. बोलणी फिसकटली. प्रकरण कामगार न्यायालयात गेले.

औषधांचा काळ पूर्ण झाला तेव्हा मी काठीशिवाय चालत होते. डॉक्टरांनी बरी झाल्याचे लिहून दिले. खटल्यात तोवर फक्त तारखा पडल्या होत्या.

बाहेरून कळले

आमच्या बाजूने डॉक्टरांची साक्ष आधी झाली. मणक्याचा हा आजार संसर्गजन्य नव्हता, असे त्यांनी थोडक्यात सांगितले. दुसरे कारण तिथे बरेचसे मोडले. पहिले उरले. खोटेपणा सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती, आणि या व्यवसायात खोटे बोलल्याचा ठपका घेऊन दुसरीकडे कोणी उभे करत नाही.

कार्मिक अधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितले की दाखला घेऊन त्यांच्याकडे कोणीही आले नव्हते. वकीलबाईंनी विचारले, मग काढून टाकण्याच्या ईमेलमध्ये क्षयरोग हा शब्द कसा आला? तोपर्यंत तर कंपनीकडे एकही कागद नव्हता.

"बाहेरून कळलं."

कोणाकडून?

"आठवत नाही."

न्यायालयाबाहेर वकीलबाई म्हणाल्या की ही फट आहे, पण नुसत्या फटीवर निकाल लागेलच असे नाही. दाखला ज्याने दाखवला त्याने येऊन सांगायला हवे. उलटतपासणीही होईल, आणि ती उघड न्यायालयात होईल.

दादा नाही म्हणाला. तो रागावला नाही. जेवता जेवता म्हणाला, "शैला, माका थंय उभो करू नको. तुझी नोकरी गेली तर दुसरी मेळतली. माझ्याकडे कोण जेवूक येतलो?"

दुसरी मिळणार नाही, असे मी सांगितले. कारणही सांगितले.

"मगे दोघांचीय जावची?" त्याने विचारले.

मी माझे ताट उचलले. त्यानंतर घरात कामापुरतेच बोलणे राहिले. खानावळीतून तो उशिरा येई. सकाळी माझ्या आधी बाहेर पडे. साक्षीची तारीख जवळ येत होती. प्रतिज्ञापत्र तयार होते आणि त्यावर सही नव्हती.

हा विषय पुन्हा वयनीने काढला. रविवारी सकाळी दादा पावाचे गोल उंडे घेऊन आला होता, आम्ही तिघे चहाला बसलो होतो. तिने माझा पेला घेतला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि प्यायली. मग दादाला म्हणाली, "वर्साच्या वयर तिचां ताट वायलां धुतलंय. आमका कोणाक काय झालां? काय एक नाय. आमीच पयली भियेलंव, मगे लोकांक कित्याक नावां ठेवतास?"

दादाने उंडा चहात बुडवला. भिजलेला तुकडा पेल्यात पडला. दादा म्हणाला, "सही खय करूची?"

साक्ष

प्रतिज्ञापत्र दाखल झाले तरी साक्षीदार उलटतपासणीला उभा राहिला नाही तर त्याला किंमत राहत नाही. पहिल्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी पुढची मुदत मागितली. दादा खानावळ बंद ठेवून आला होता. दुसऱ्या तारखेला तो यायच्या आधीच आमचे प्रकरण पुकारले गेले. वकीलबाईंनी थोडा वेळ मागून घेतला. मी दाराशी उभी होते. पट्टा निघाला होता, पण फार वेळ उभे राहिले की पाठ भरून येई. फोन लागत नव्हता.

तो आला तेव्हा अंगावर खानावळीचा शर्ट होता. मासळी उशिरा आली, एवढेच तो म्हणाला.

पिंजऱ्यात चढण्यापूर्वी त्याने मागे वळून पाहिले. शेवटच्या बाकावर कंपनीच्या फायली मांडीवर घेऊन हरमलचा शिपाई बसला होता. फायली उचलायला कंपनीने त्यालाच पाठवले होते. आम्हाला हे ठाऊक नव्हते. दादा तिथेच थबकला. वकीलबाईंनी त्याचे नाव घेतले. तो पुढे गेला आणि शपथ घेतली.

कंपनीच्या वकिलांनी विचारले, "कार्यालयाला फोन तुम्ही केला होता?"

"होय."

"आजार कोणता सांगितलात?"

"मणक्यात गॅप."

"ते खरं होतं?"

"नाय."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"बोललंय."

"आणि दाखला दाखवला हे मात्र खरं, असं न्यायालयाने मानायचं. का मानायचं?"

दादाने पुन्हा मागच्या बाकाकडे पाहिले. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला सांगितले. टंकलेखिकेचे हात थांबले होते.

"सायबानू, माझी हरमलाक खानावळ आसा," दादा म्हणाला. "मागल्या बाकार बसलो आसा तो मनीस आयतारी माझ्याकडे जेवता. माझ्या भयणीक टीबी झाल्लो, ह्यां मी आता हय सांगलंय. सांजेपर्यंत सगळ्या वाड्यार जातलां. माका खोटांच बोलूचां आसतां, तर आजूनय गॅपच म्हटलां आसतां."

न्यायाधीशांनी उत्तर इंग्रजीत सांगून लिहून घेतले. शिपायाने मान वर केली नाही. कंपनीच्या वकिलांनी आणखी काही प्रश्न विचारले: अधिकाऱ्यांचे टेबल कुठे होते, वेळ कोणती होती, खोलीत आणखी कोण होते. टेबल जनेलाला पाठ करून, शिपाई चहाला गेला ती वेळ, खोलीत दुसरे कोणी नाही. मग ते खाली बसले.

बाहेर आल्यावर दादाने मला विचारले, पाठ दुखते का. मी होय म्हटले. त्याने मोटारसायकल सावलीत आणली आणि मला हळू बसायला सांगितले.

त्यानंतर

पुढच्या काही दिवसांत खानावळीबद्दल दादा घरी बोलला नाही. वयनीकडून कळले. महिन्याच्या बोलीवर जेवणारे होडीवरचे खलाशी यायचे थांबले. दुपारी उरलेला भात घरी येऊ लागला. आम्ही तो रात्री खात होतो. खानावळ बंद करून दुसरे काही सुरू करावे का, असे दादाने वयनीला एकदा विचारले. तिने पावसाळा जाऊ दे म्हटले.

त्या काळात आरोग्यसेविका घरी आली. माझा औषधोपचार संपला होता, तिला दुसऱ्या घरी जायचे होते, वाटेत पाणी प्यायला थांबली. स्कूटर तिने सवयीने काजूच्या बागेपलीकडे लावली होती. दादाने जाऊन ती अंगणात आणून लावली.

पावसाळ्यात निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की रजा मंजूर असताना, चौकशी न करता, मला कामावरून काढणे बेकायदेशीर होते. कंपनीने ठेवलेली दोन्ही कारणे सिद्ध झाली नाहीत. आजाराची माहिती दाखल्याद्वारे कार्मिक अधिकाऱ्यांना मिळाली होती, हे न्यायालयाने मान्य केले. साक्षीदाराने स्वतःच्या उपजीविकेला बाधक ठरेल असे विधान त्याच्या गावच्या माणसासमोर केले, ते अविश्वसनीय मानण्याचे कारण दिसत नाही, असे एक वाक्य निकालात आहे. मला पूर्वीच्या पदावर घेण्याचा आदेश झाला.

कंपनीने उच्च न्यायालयात अर्ज केला आहे. आदेशाला अजून स्थगिती मिळालेली नाही. मी डिचोलीला कामावर हजर झाले आहे. तालुक्यांची पाने दुसऱ्याकडे आहेत. मला सध्या निविदांच्या जाहिराती तपासायला दिल्या आहेत.

खानावळ पावसाळ्यात बंद असते. दसऱ्याला दादाने ती उघडली. भात नेहमीपेक्षा कमी शिजवला होता. खलाशी आले नाहीत. दुपारी जवळच्या चोपडे गावचे दोघे टॅक्सीवाले आले आणि जेवून गेले.